साहेबांचं पागोटं आणि रतनबाईची म्हातारी

भोरमध्ये त्या साली पाऊस सुरू झाला की माणसं एकमेकांना भाताच्या रोपांची चौकशी नंतर करायची, आधी विचारायची, "काल रतनबाईच्या मोटारीत कोण भिजलं?" लढाई सुरू झाल्यानंतरचा तो पहिलाच पावसाळा. जर्मन कुठवर आला ही बातमी पुण्याहून शिळी होऊन यायची. पण म्हातारीच्या पुढच्या सीटवर कोण बसलं आणि कसं उठलं, ही बातमी मोटार नाक्यावर लागायच्या आत घरोघर पोचलेली असायची. ती कशी पोचायची हे मला विचारू नका. आम्हा भोरकरांची काही गुपितं गावातच राहू द्या.

म्हातारी म्हणजे रतनबाईची सर्व्हिस मोटार. भोरहून कापूरहोळ, कामथडी करत नसरापूरला जायची आणि बाजाराच्या दिवशी तिथून पुढं वेल्ह्यापर्यंत. खालचं इंजिन विलायती, वरचं घर पुण्याच्या सुतारानं सागवानात बांधलेलं. हँडल मारलं की ती आधी खोकायची, मग जरा विचार करायची, आणि मग सगळ्या अंगानं थरथरत "चला" म्हणायची. चढावर उतारू खाली उतरून ढकलत. कुणी कुरकुरलं तर रतनबाई म्हणायची, "आरं, बैलगाडीनं गेला असतास तर बैल ढकलाया लागलं असतं. ही निदान पाय झाडत न्हाई."

रतनबाई पासलीची लेक. पासली म्हणजे असा डोंगर, की तिथला पाऊस खाली पडत नाही, आडवा येतो. तशा पावसात वाढलेल्या बाईला भीती कशाची वाटणार? भोरला लग्न होऊन आली ती सावळारामाच्या घरी. सावळाराम मोठा हौशी. थोरल्या भावाला जमीन विकून त्यानं मोटार घेतली तेव्हा सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं. पुढं तो तापानं गेला, तेव्हा वेड्यात काढणारेच सांत्वनाला आले आणि जाता जाता म्हणाले, "बाईमाणसाला मोटार काय करायची? इकून टाका."

रतनबाईनं पदर सावरला आणि म्हणाली, "बैल मेला म्हणून कुनी गाडी इकतं का? मंग धनी गेला म्हणून म्या मोटार का इकू?"

झालं. विधवा बाई मोटार चालवते म्हणून गावाला वर्षभराचं खाद्य मिळालं. खरं तर चालवायचा मुबारक ड्रायव्हर. ती मागच्या दाराशी फळीवर बसून भाडं गोळा करायची. पण त्या फळीवरून तिनं जो कारभार चालवला तो काय सांगू! दारू प्यालेल्याला टपावर बसवायची. उतारूच्या कोंबडीला भाडं नसे, पण वाटेत तिनं अंडं घातलं तर ते मोटारीचं. कामथडीच्या एका म्हातारीनं या कायद्याविरुद्ध महिनाभर भांडण चालवलं होतं, आणि शेवटी कोंबडीच विकली.

मुबारक सावळारामाचा जिवाचा माणूस. त्याला अण्णा म्हणायचा आणि रतनबाईला वैनी. उंच, हडकुळा, दाढी मेंदीनं लाल. मोटारीवर त्याचा इतका जीव, की त्याची बायको बद्रुन्निसा नळावर उघड म्हणायची, "माझी सवत हाय ती. सवतीला येक बरं हाय, रोज पुसून घेती."

आता गळतीचं सांगतो.

मोटारीत पुढं ड्रायव्हरशेजारी एक गादीची सीट असे. ती मानाची. फौजदार, कारकून, लग्नातला वरबाप अशी माणसं तिथं बसायची. मानाचं कुणी नसलं की सावळाराम स्वतः बसायचा, उघड्या खिडकीत कोपर टेकून, जणू रस्ताच त्याच्या मालकीचा. तो गेला, आणि पुढच्याच पावसाळ्यात समोरच्या काचेच्या वरच्या कोपऱ्यातून थेंब पडू लागला. कुठं? नेमका त्या सीटवर. दुसरीकडं नाही.

मग काय! गावाला अर्थ लावायला कितीसा वेळ लागतो? "सावळाराम रडतोय."

ही अफवा पहिल्यांदा कुणी सोडली ते ठाऊक नसलं, तरी तिला खतपाणी मानसिंगानं घातलं हे सगळ्यांना ठाऊक होतं. मानसिंग कामथडीचा. त्यानं नवी कोरी मोटार आणली होती आणि त्याचा डोळा वेल्ह्याच्या फेरीवर होता. ती फेरी म्हणजे रतनबाईचा जीव. बाजाराच्या दिवशी वेल्ह्याकडची माणसं, तांदळाची पोती, तुपाची मडकी एवढं येई, की त्या फेरीवर म्हातारी वर्षभर जगे. वेल्ह्याची फेरी गेली तर मोटार विकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मानसिंग नाक्यावर पान चघळत म्हणायचा, "आमच्या मोटारीत कुणी मेलेलं रडत न्हाई बाबा. कोरडे जाल."

रतनबाई हसण्यावारी न्यायची. पण एकटी असली की त्या ओल्या गादीकडं बघत राहायची, असं बद्रुन्निसा सांगे. बद्रुन्निसा इतर बाबतींत मीठमसाला लावते, पण हे तिनं हळू आवाजात सांगितलं होतं, तेव्हा खरंच असणार.

मुबारकनं उपाय कमी केले नाहीत. दर मृगाच्या आधी खडूची भुकटी आणि जवसाचं तेल मळून लांबी करायचा आणि काचेच्या सांध्यात बोटानं दाबून भरायचा. लांबी वाळायची, म्हातारी खड्ड्यात आदळायची, लांबीला चीर जायची, पुन्हा थेंब. मुबारक पुन्हा लांबी भरायचा. शेवटी कोपऱ्यात असा ढिगारा झाला की मानसिंग म्हणाला, "मुबारकभाई, आता काच काढून टाका. नुसत्या लांबीतनं बघून चालवा."

दुसरा उपाय रतनबाईचा. दृष्ट लागली म्हणून तिनं काळी बाहुली आणली, लिंबू-मिरची आणली. मुबारकनं ती काचेच्या वर नीट ठोकून बसवली. थेंब थांबला नाही, तेव्हा आणखी मोठी बाहुली आणली. समोरून येणाऱ्याला मोटार आधी दिसत नसे, बाहुल्याच दिसत.

आणि मग त्या साली, मृग लागल्या लागल्या, ते पागोट्याचं झालं.

संस्थानात मोटारींच्या परवान्यांचं काम बघणारे एक अंमलदार होते. माणूस सज्जन, पण पोशाखाचा भारी शौकीन. नवं लालभडक रंगवलेलं पागोटं, पांढराशुभ्र कोट, असे नसरापूरला निघाले आणि मानाच्या सीटवर बसले. कापूरहोळच्या अलीकडं सर आली. साहेब डोळे मिटून, मान पुढं टाकून डुलकी घेत होते. म्हातारीनं आपलं काम चोख केलं. नसरापूरला साहेब उतरले तेव्हा पागोट्याचा रंग कपाळावरून, गालांवरून ओघळून थेट कोटावर उतरलेला. बाजारातली एक बाई घाबरून ओरडली, "आगं बया, सायबाचं डोस्कं फुटलं!" चार माणसं खाट घेऊन धावली. साहेब ओरडताहेत, "अरे, मला काही झालेलं नाही!" आणि लोक म्हणताहेत, "असंच असतं, मार डोक्याला लागला की कळत न्हाई. आडवं व्हा सायेब."

खाटेवरून उठून साहेबांनी रतनबाईला बोलावलं. चेहरा अजून लालच होता. किती रंगानं आणि किती रागानं, ते सांगता यायचं नाही.

"बाई, आषाढ सरल्यावर मी वेल्ह्याच्या तपासणीला जाणार आहे. तुमच्याच मोटारीनं जाईन. याच सीटवर बसेन, हेच पागोटं घालून. एक थेंब जरी पडला तरी वेल्ह्याची फेरी मानसिंगाला. समजलं?"

"समजलं सायेब," रतनबाई म्हणाली. "पर पागोटं तेवढं पक्क्या रंगाचं घ्या."

मुबारकनं कपाळावर हात मारला. पण बाई ती बाई.

घरी आल्यावर मात्र ती अंगणात उभ्या असलेल्या म्हातारीसमोर बसून राहिली. मुबारक लांबीचा गोळा घेऊन आला.

"ऱ्हाऊ द्या ते," ती म्हणाली. "तीन पावसाळं लांबी भरतायसा. आमच्या पासलीत घर गळाया लागलं तर थेंबाखाली भांडं ठेवत्यात आन् भोक हुडकाया वर चढत्यात. पानी जितं पडतं तितं शिरत न्हाई. आपुन भांड्यालाच लांबी लावत बसलोय."

"मंग शिरतंय कुठनं, वैनी? पानी बोलतं थोडंच?"

रतनबाईनं काचेकडं पाहिलं. मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं. "त्या सायबाच्या पागोट्याचा रंग कुठनं निघाला न् कुठं उतरला, सगळ्या बाजाराला दिसलं का न्हाई? मंग पान्यालाच रंग द्या की."

दुसऱ्या दिवशी उघडीप होती. रतनबाईच्या अंगणात तीन घागरी मांडल्या गेल्या: एकीत हळद, एकीत गुलाल, आणि एकीत बद्रुन्निसानं धुण्याची नीळ कालवली. बातमी पसरायला किती वेळ? कुंपणाबाहेर माणसं उभी. कुणी म्हणालं, विधवा बाईनं हळद-गुलाल हाती घेतला! अहो, मोटारीला लावायला घेतला होता. पण सांगणार कोणाला? मानसिंगही सहज जाता जाता आला होता. कामथडीहून भोरला सहज जाता जाता, हे विशेष.

ठरलं असं: आधी खालच्या सांध्यावर हळद ओतायची, मग बाजूला गुलाल, मग वरती नीळ. खालून वर जायचं, म्हणजे एका जागेचं पाणी दुसऱ्या जागेत मिसळणार नाही. बद्रुन्निसा आत मानाच्या सीटवर मांडीवर पांढरं फडकं पसरून बसली. आयुष्यात पहिल्यांदा ती त्या सीटवर बसत होती. ऐट अशी, की फौजदारानं उठून उभं राहावं.

मुबारकनं हळदीचं पाणी ओतलं. "काय दिसतंय का?"

"रस्ता दिसतोय!" आतून आवाज. "फडकं कोरडं हाय."

गुलाल ओतला. "आता?"

"तुमचं तोंड दिसतंय. फडकं कोरडंच."

मुबारकचा चेहरा उतरला. ज्या कोपऱ्यात तीन पावसाळे लांबी भरली तो कोपरा कोरडा ठणठणीत! नीळ हातात घेऊन तो म्हणाला, "वैनी, वर ओतून काय करायचं? वर तर काचच न्हाई. नुसतं लाकूड, न् त्याच्यावर पितळंची पट्टी."

"वता तुमी."

ओतलं. कुंपणाबाहेरच्या माना लांब झाल्या. मग आतून बद्रुन्निसा किंचाळली, "निळं! निळं पडलं!"

फडक्यावर टपोरा निळा थेंब. मग दुसरा.

काचेच्या वर, लाकडाची उघडी धार झाकायला, तळहाताएवढ्या रुंदीची पितळेची पट्टी होती. मुबारकनं तिच्यावरच्या बाहुल्या उतरवल्या आणि तिचे स्क्रू काढले. गंजून बसलेले, एकेकाला घासलेट पाजावं लागलं. पट्टी निघाली आणि सगळे वाकून बघायला लागले. सागवानाच्या चौकटीची चाळण झालेली. खिळे, खिळ्यांची भोकं, मोडके खिळे. पितळेतून आरपार लाकडात, आणि लाकडाच्या आतून वाट काढत पाणी पार त्या कोपऱ्यापर्यंत. वर शिरायचं आणि कोपऱ्यात बाहेर यायचं.

"हे कुणी केलं?" कुंपणाबाहेरून मानसिंगानं आनंदानं विचारलं.

मुबारकनं मान खाली घातली.

दसऱ्याला मोटारीची पूजा व्हायची, झेंडूचं तोरण बांधायचं. सावळाराम होता तोवर तो स्वतःच्या हातानं ते दोरीनं टपाच्या कड्यांना बांधायचा. तो गेल्यावर पहिल्या दसऱ्याला मुबारक म्हणाला, अण्णाच्या मोटारीचं तोरण वाऱ्यानं पडता कामा नये. म्हणून खिळे ठोकले. दुसऱ्या दसऱ्याला जुने खिळे ढिले वाटले, म्हणून नवे. उरुसाला पिराची चादर चढली की तिथला फुलांचा सेहरा, त्याला आणखी दोन.

"म्या ठोकलं, वैनी," तो म्हणाला. "अण्णाच्या मायेपायी."

रतनबाई त्या भोकांकडं बघत होती. आता ही याला झाडणार, असं सगळ्यांना वाटलं. तिनं एका मोडक्या खिळ्यावर बोट ठेवलं.

"आन् ह्ये मोठं कुनाचं?"

"ते… काळ्या बाहुलीचं. तुमी सांगितल्यालं." मुबारक चाचरत म्हणाला. "आन् हे लिंबू-मिरचीचं. न् हे थोरल्या बाहुलीचं."

म्हणजे बघा! थेंब पडला म्हणून बाहुली, बाहुलीसाठी खिळा, खिळ्यामुळं थेंब, आणि थेंब वाढला म्हणून आणखी थोरली बाहुली. रतनबाईनं तोंडाला पदर लावला. आम्हाला वाटलं रडतेय. ती हसत होती. हसता हसता तिचे डोळे भरले, आणि मग कुठलं हसू आणि कुठलं काय, हे सांगणं माझ्याच्यानं व्हायचं नाही.

"म्हंजी त्ये रडत न्हाईत?" तिनं हळूच विचारलं.

"न्हाई, वैनी."

"बरं झालं. जितेपनी कदी डोळ्यातनं टिपूस काढलं न्हाई त्यांनी, आता कशाला रडत्याल?" मग कुंपणाकडं वळून खणखणीत आवाजात, "मानसिंगराव, ऐकलं का? आमचं मालक रडत न्हाईत. आता तुमी न्हाई रडला म्हंजी झालं."

पुढची दुरुस्ती दोन माणसांच्या भांडणानं पार पडली. भोकं बुजवायला मुबारकला लांबी हवी होती. रतनबाई म्हणाली, "लांबीचं नाव काढू नका." सागाच्या काटक्या तासून खुंट्या केल्या, राळेत बुडवल्या आणि एकेका भोकात ठोकल्या; पाणी लागलं की लाकूड फुगतं आणि आपोआप घट्ट बसतं. काच काढली. तिच्या भोवतीचं जुनं रबर पापडासारखं मोडत होतं. लढाईमुळं नवं रबर मिळेना, तेव्हा फाटक्या ट्यूबची लांब पट्टी कापून काचेच्या कडेला चढवली. लाकडावर राळ आणि तेल उकळून त्याचा हात मारला. मोटारीला देवळासारखा वास यायला लागला.

पितळेची पट्टीच तेवढी हट्टाला पेटली. काढताना वाकली होती. तिची भोकं कथलाचा डाग देऊन बुजवली, सरळ केली. मुबारक एका टोकापासून स्क्रू आवळत गेला तर दुसरं टोक बोटभर बाहेर. उलट्या बाजूनं सुरू केलं तर हे टोक बाहेर. मानसिंग अर्थातच हजर. "कापा की बोटभर," त्यानं सल्ला दिला. मुबारकनं करवत हातात घेतलीसुद्धा.

"थांबा!" रतनबाई म्हणाली. "गोधडीला काठ लावताना बाया काय करत्यात? टोकाकडनं शिवत गेलं की काठ उरतो. आदी मधी टाका घालायचा, मंग दोन्हीकडं सरकायचं."

मधला स्क्रू आधी आवळला. मग एक इकडं, एक तिकडं, हळूहळू. दोन्ही टोकं चौकटीच्या कोपऱ्यांवर अशी बसली, जशी सासरी रुळलेली सून. मुबारकनं चिंचेनं घासून ती पट्टी अशी चमकवली की समोरचा बैल बुजला.

आषाढ सरला, साहेब आले. लाल पागोटं, नवा पांढरा कोट, आणि खिशात पंचा. म्हणजे भिजण्याची पूर्ण तयारी. त्या दिवशी मोटार अशी भरली की टपावरही जागा नव्हती. वेल्ह्याला काम कुणाला होतं? सगळे पागोटं बघायला निघालेले.

नसरापूरपर्यंत आभाळ नुसतं तोंड वाकडं करून होतं. मार्गासनीकडं वळलो आणि पाऊस आला. काय तो पाऊस! मुबारकनं उतरून काचेवर बाहेरून तंबाखूचं पान चोळलं, म्हणजे पाणी ठरत नाही. रस्त्याचा ओढा झालेला. पण रस्ता एकटा मुबारकच बघत होता. बाकी सगळ्यांच्या नजरा पागोट्यावर. एक म्हातारा तर देवाचं नाव घ्यायचं सोडून "कोरडं ऱ्हा, कोरडं ऱ्हा" असं पुटपुटत होता. रतनबाई मागच्या फळीवर बसून होती. कुणाचं भाडं मागत नव्हती, यावरून काय ते समजा.

म्हातारी एका खड्ड्यात अशी आदळली की माणसं छताला भिडली. साहेबांचा हात पागोट्यावर गेला. अख्ख्या मोटारीनं श्वास धरला. साहेबांनी बोटं डोळ्यांसमोर आणली, उलटून पाहिली.

कोरडी होती.

वेल्हे आलं. साहेब उतरले, पागोटं काढून आतबाहेर पाहिलं, खिशातला पंचा काढला आणि काय करावं ते न सुचून त्या पंच्यानं चष्मा पुसला. मग रतनबाईकडं बघून म्हणाले, "फेरी तुमचीच, बाई. पण हे केलंत कसं?"

"बाहुल्या काढल्या, सायेब," ती म्हणाली.

साहेबांना काही कळलं नाही. आम्ही मात्र हसून हसून लोळायचेच बाकी होतो. परतीच्या वाटेवर रतनबाई पहिल्यांदाच मानाच्या सीटवर बसली. उघड्या खिडकीत कोपर टेकून. मुबारकनं तिच्याकडं पाहिलं आणि वेग जरा कमी केला. कामथडीच्या नाक्यावर मानसिंग उभा होता, त्याला ती नीट दिसावी म्हणून असेल.

दसऱ्याला मोटार धुऊन पुसून उभी केली. झेंडूचं तोरण आलं. साहेबांनी शिपायाच्या हाती नारळ आणि, काय सांगू, एक भली मोठी काळी बाहुली पाठवली: इतकी कोरडी मोटार, तिला दृष्ट लागू नये म्हणून. मुबारकनं सवयीनं हातोडी उचलली.

मागून रतनबाईचा हात आला आणि हातोडी काढून घेऊन गेला. त्या जागी तिनं दोरीचं भेंडोळं ठेवलं. सावळारामाचंच. टपाच्या कड्यांना बांधायचा तेच.

"बांधा," ती म्हणाली. "सायबाची बाहुली बी बांधा. पर गाठ मजबूत मारा, मुबारकभाई. त्यांच्यावानी."